चमच्याने केलेली दाताची तपासणी

सेक्टर १०, भिलाई
दि. ७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप सिंधुताईंच्या चरणी राजकुमारचा साष्टांग नमस्कार.

आमगावात आपण सुखरूप असाल आणि भाऊजींचा गुडघा थंडीत पूर्वीइतकाच दुखत असेल (अधिक नसावा), असे गृहीत धरून लिहितो. बाबांनी फोनवर आपणांस "मले अथी करमून नाही राहिलं, घेऊन जाय" असे सांगितल्याचे, व त्यांना कायमचे नेण्यासाठी आपण रविवारी येत असल्याचे समजले. माझी हरकत नाही. केवळ त्यांच्या दाताची वस्तुस्थिती आपणांसमोर असावी, एवढ्यासाठी हे पत्र.

बाबांच्या खालच्या जबड्यात कृत्रिम दातासाठी स्क्रू बसवला, त्यास आज बावीस दिवस झाले. वर दात चढवण्यापूर्वी स्क्रू हाडात किती घट्ट आहे, हे डॉक्टर उन्नती मोजतात. त्यावर बारीकशी काडी बसवून, तिला न टेकवता पेनासारखे यंत्र जवळ धरतात. काडी थरथरते व यंत्र शंभरापैकी आकडा सांगते. पहिल्या दिवशी एकाहत्तर होता. काल एकोणसाठ. (मी चारही बाजूंनी मोजायला लावून सरासरी काढली. तीही एकोणसाठच.) मी लेखी खुलासा मागितला. त्या म्हणाल्या, "काका, जुनं हाड पकड सोडून राहिलं, नवं अजून धरून नाही राहिलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असंच होते. फक्त हलवू नका."

परंतु बाबांनी एकतीस वर्षे रेल्वेच्या दुर्ग यार्डात हातोडीने गाड्यांची चाके वाजवून आवाजावरून तडा ओळखलेला. हात न लावता केलेली तपासणी त्यांना मान्य नाही. काल जेवणानंतर त्यांनी आरशासमोर तोंड उघडले, स्टीलच्या चमच्याने स्क्रूच्या टोपीवर तीन टोले दिले, मान कलती करून ऐकले व निकाल दिला, "ढिलं आहे. गाडी सोडू नोको." मी चमचा काढून घेतला. त्यांनी डाव उचलला. (सध्या घरातील सर्व चमचे, डाव व एक उलथणे माझ्या कपाटात कुलूपबंद असून आपली भावजय, प्रेमला, वरण वाटीने वाढते.) डॉक्टरांचा इशारा स्पष्ट आहे: असे टोले बसत राहिले तर स्क्रू काढावा लागेल, आणि बाबांचे भाकरी चावणे राहून जाईल. पुढचे मोजमाप आठव्या आठवड्यात.

भाऊजींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
राजकुमार

ता. क. – स्क्रू बसवला त्याच आठवड्यात बाबा दुर्गची खोली सोडून येथे आले, हे वर लिहायचे राहिले. आईच्या पश्चात पाच वर्षे ते त्या खोलीत एकटे होते. त्यांचाही आकडा सध्या एकोणसाठच असावा. आठवा आठवडा होईतो त्यांना हलवू नये, ही विनंती. 'माझी हरकत नाही' हे वाक्य रद्द समजावे.

ता. क. २ – आज सकाळी बाबांनी चहाच्या डब्यात राहून गेलेल्या चमच्याने स्वतःच्या पलंगाचे चारही पाय वाजवले. तीन पास झाले. चौथ्याखाली पुठ्ठा घालण्याचा मला हुकूम झाला आहे, फेरतपासणी रविवारी. अवश्य या. बाबांचे कपडे न्यायला बॅग मात्र आणू नका.