मुलीशेजारच्या खुर्चीची व्यवस्था

मी, खाली सही करणार, पाट्या रंगवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला आणि सगळ्या गल्लीत 'पेंटर' म्हणून ओळखला जाणारा इसम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. नशापाणी केलेले नाही. राग मात्र आहे, आणि तो कोणाकोणावर आहे ते पुढे कलमवार येईल. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तपासताना त्यांनी विचारले, "आपल्या क्लबने यंदा कप्तान विकला. बरोबर केलं का?" मी म्हटले, "गाढवपणा केला." ते म्हणाले, "डोकं शाबूत आहे," आणि शिक्का मारला.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. असे कोणी दाखवलेच, तर ते बनावट समजावे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या पश्चात पत्नीचे आणि तिच्या पश्चात मुलीचे. त्यात जावयांनी गॅलरीतली आरामखुर्ची घ्यावी. आमचे जावई सज्जन आहेत, निर्व्यसनी आहेत, मुलीला सांभाळून असतात. पण सामना सुरू झाला की त्यांना झोप येते. टीव्हीचा आवाज वाढवला तर आणखी गाढ येते. आत्ताही त्या खुर्चीत तेच असतात, तेव्हा त्यांना हलवू नये.

कलम २. बँकेतली ठेव पत्नीला. तिने ती माझी आठवण म्हणून जपून ठेवू नये. गुडघ्यांना ऊन मिळेल अशा गावी जाऊन यावे. बरोबर तिच्या बहिणीला नेले तरी चालेल, कारण तेव्हा मी तिथे नसेन.

कलम ३. माझे ब्रश, रंगाचे डबे आणि अक्षरांचे साचे. याची हकीकत थोडी लांब आहे.

क्लबच्या फाटकाशेजारी पूर्वी एक लांबलचक फळा होता. दर हंगामाआधी संघातल्या खेळाडूंची नावे त्यावर मी रंगवत असे. काळ्यावर पांढरी अक्षरे आणि कडेने बारीक पिवळी सावली. उन्हाळ्यात संघात फेरफार झाला की गेलेल्याचे नाव पुसायचे आणि आलेल्याचे घालायचे. फार तर दोन-तीन नावे बदलायची. नवे नाव जुन्यांच्या ओळीत बसावे म्हणून मी अक्षरांची उंची जराही हलू दिली नाही. संघ कसा बांधायचा हे मला तेव्हाच कळले होते, प्रशिक्षकांना अजून कळायचे आहे.

मग धंद्यातल्या माझ्याच भागीदाराने छापायचे यंत्र घेतले आणि मला न सांगता क्लबच्या कचेरीत जाऊन फळ्याचे काम स्वतःकडे वळवले. तेव्हापासून गल्ली त्याला 'फ्लेक्सवाला' म्हणते. त्याची अक्षरे पोट फुगल्यासारखी दिसत, तरी लोक थांबून बघत. माझ्या अक्षरांसमोर कोणी थांबत नसे, सरळ आत जात. हे मला आजतागायत लागून राहिले आहे. आता फाटकाजवळ दिव्यांचा पडदा लागला आहे आणि फ्लेक्सवालाही घरी बसला आहे. देव आहे.

तर, ज्या ब्रशाचे केस वाळून दगड झाले आहेत तो फ्लेक्सवाल्याला द्यावा. नीट कागदात गुंडाळून द्यावा, म्हणजे उघडेपर्यंत त्याला आशा राहील. बाकीचे ब्रश समोरच्या घड्याळजींना. त्यांना यंत्रातली धूळ झाडायला लागतात आणि ते मागायला लाजतात.

कलम ४. क्लबच्या यंदाच्या उन्हाळ्यातल्या संघबांधणीबाबत. हे कलम कायद्याला लागत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटले, मला लागते. या कलमाची एक प्रत माझ्या पश्चात क्लबच्या अध्यक्षांना पोचती करावी. हयातीत पाठवलेल्या पत्रांना त्यांनी उत्तर दिलेले नाही.

कप्तान, ज्याला आम्ही सगळे 'दादा' म्हणतो, तो विकला. तोही नदीपलीकडच्या क्लबाला. बचावातले दोन्ही खांब काढून टाकले. गोलकीपर म्हातारा झाला म्हणून त्याला निरोप दिला. तो दुसऱ्या अर्ध्यात आमच्या स्टँडकडे पाठ करून उभा राहायचा आणि शिव्या देणाऱ्याला आवाजावरून ओळखायचा. त्याच्या बदल्यात काय आणले? चार विंगर. चारही उजवीकडचे. डावीकडे आता काय, मैदानाचा माळी उभा करणार? नवे प्रशिक्षक म्हणाले, संघ नव्याने उभा राहायला वेळ लागतो. वेळ त्यांच्याकडे असेल. मी मृत्युपत्र लिहितो आहे.

सगळ्यात जिव्हारी लागले ते वेगळेच. मधल्या फळीतला एक पोरगा मी गेल्या हिवाळ्यापासून हेरून ठेवला होता. चेंडू यायच्या आधी मान वळवून बघतो. असे खेळाडू हल्ली होत नाहीत. मी घरात, न्हाव्याकडे, दवाखान्याच्या रांगेत, सगळ्यांना सांगत होतो की हा आपल्याकडे आला पाहिजे. त्याला नदीपलीकडच्यांनी उचलले. त्यांचा भडक मफलर गळ्यात घालून हसतानाचा त्याचा फोटो मी पाहिला आणि त्या दिवशी मला घास गिळवला नाही. चांगले काही दिसले की ते त्यांच्याकडेच कसे जाते?

आणि दादाची जर्सी कोणाला दिली? हंगामापुरत्या उसन्या आणलेल्या माणसाला. उसना माणूस असाच येतो. थोड्या दिवसांसाठी म्हणून येतो, लोकांना आवडू लागतो, आणि मूळच्या माणसाचे कोणी नावही काढत नाही. हे मी अनुभवाने लिहितो आहे.

कलम ५. पूर्वेकडच्या स्टँडमधली माझी कायमची खुर्ची. क्लबच्या नियमाप्रमाणे कायमच्या खुर्चीचा धनी मृत्युपत्राने आपल्यामागे एका माणसाचे नाव लावू शकतो. लावले नाही तर खुर्ची क्लबकडे जाते. माझ्या सगळ्या मालमत्तेत मोलाची वस्तू म्हणाल तर ही एकच, कारण शेजारची खुर्ची माझ्या मुलीची आहे.

मुलीचे पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून ती तिथे बसते. आज ती दवाखान्यात लोकांचे एक्स-रे काढते आणि तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. लग्न झाले, सासरी गेली, पण सामन्याच्या दिवशी ती माझी असे. गेल्या वर्षी माझ्या खुब्याचे ऑपरेशन झाले. स्टँडच्या पायऱ्या उभ्या आहेत. मीच म्हटले, खुर्ची रिकामी राहण्यापेक्षा मी बरा होईपर्यंत तुझे सासरे बसू देत. हे मी तोंडदेखले बोललो होतो. ते खरोखर जाऊन बसले.

आमचे व्याही कोर्टात टायपिस्ट होते. मृदू बोलतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, जन्मात कधी मैदानावर गेले नव्हते. आता ते उशी घेऊन जातात. थर्मास घेऊन जातात. तिला गरम कॉफी ओतून देतात. इतक्या वर्षांत थर्मास न्यावा हे मला सुचले नाही, आणि त्यांना पहिल्याच दिवशी सुचले. माझा न्हावी आमच्या मागच्या रांगेत बसतो आणि दाढी करताना सगळे सांगतो. वस्तरा गळ्यावर असताना सांगतो, त्यामुळे मला उठूनही जाता येत नाही. त्यानेच सांगितले की शेवटच्या क्षणी गोल झाला तेव्हा तिने व्याह्यांना मिठी मारली. आणि शेजारच्या बाईंनी विचारले तेव्हा म्हणाली, "हे माझे बाबा."

मी तिला त्याच दिवशी जाब विचारला.

"सासऱ्यांना बाबाच म्हणतात, बाबा. मग काय हाक मारू? अहो टायपिस्ट?"

"घरात म्हण. स्टँडमध्ये कशाला?"

"तुम्ही त्यांच्यावर जळता का?"

"मी? मी कशाला जळू?"

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "इथपर्यंत वास येतोय."

जळतो. इथे लिहूनच ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी अंदाज बांधत बसायला नको. आता मी काठी घेऊन जिना उतरतो, बाजारापर्यंत जाऊन येतो, तरी मला कोणी म्हणत नाही की चला, तुमच्या खुर्चीत बसा. सामन्याच्या दिवशी ती आधी इथे येते, माझ्या औषधाच्या गोळ्या बघते, आणि मग खाली हॉर्न वाजतो. तिला घ्यायला व्याही येतात. मी गॅलरीतून दोघांना जाताना बघतो. मागे जावई घोरत असतात.

असो. सदर खुर्ची, माझी मुलगी घरातल्या ज्या माणसाचे नाव सांगेल त्याला मिळावी. यात मी कसलीही आडकाठी ठेवलेली नाही.

कलम ६. यापुढचा मजकूर साक्षीदारांना बोलावल्यानंतर, त्यांच्यासमोर, याच टेबलावर लिहीत आहे. वरचे शेवटचे वाक्य खरे नाही.

वकीलबाईंनी मला बोलता बोलता सांगितले होते की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. हे ऐकल्याबरोबर पहिला साक्षीदार कोण, ते माझे ठरले. मी व्याह्यांना मानाने फोन केला. म्हटले, घरातले मोठे तुम्ही, तुमचीच सही हवी. दुसरा न्हावी. व्याही माझ्या मुलीला आणि जावयांना घेऊन वेळेवर आले, चष्मा पुसला, पेन उघडले आणि थांबले.

"खुर्चीचं कलम आहे का यात?"

"असेल. साक्षीदाराने मजकूर बघायचा नसतो. सही करा."

"व्याही, मी जन्मभर मृत्युपत्रंच टाइप केली हो," ते म्हणाले. "साक्षीदाराला काही मिळत नाही, ठाऊक आहे मला."

पाट्यांवरची अक्षरे मी रंगवली, पण मजकूर काय आहे याकडे कधी लक्ष दिले नाही. तसेच टायपिस्टचे असेल असे मी धरून चाललो होतो. मी छताकडे बघू लागलो. मुलगी माझ्याकडे बघत होती. "बाबा!" ती ओरडली, आणि आम्ही दोघांनीही मान वळवली.

व्याह्यांनी पेनाला टोपण लावले. "मी सही नाही करणार. मला हवीय ती खुर्ची."

हा माणूस आमच्याकडे कधी दुसऱ्यांदा चहा मागत नाही. मी विचारले, "कशाला हवीय? तुम्हाला ऑफसाइड तरी कळतं का?"

"नाही कळत. ती सांगते समजावून. दर सामन्याला नव्यानं सांगते, चिडत नाही." मग ते टेबलाकडे बघत बोलत राहिले. "मला एकच मुलगा. तो तुमच्या गॅलरीत झोपलाय. आमच्या घरात कोणी कोणाला मिठी मारत नाही, पद्धतच नाही. तिनं मारली तेव्हा हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. घरी येऊन विचार करत बसलो, की या माणसाला हे इतकी वर्षं मिळालं. लहानपणापासून मिळालं. तुमचा फार हेवा वाटतो मला. तोंडावर सांगतो, राग मानू नका."



खोटे कशाला लिहू, आधी मला फार बरे वाटले. माझा हेवा करणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला. पण नंतर मुलीकडे पाहिले, तर तिचे डोळे भरले होते, आणि ती व्याह्यांकडे बघत होती. ती खुर्ची मला का हवी हे मी तिला कधी बोलून दाखवले नाही. या माणसाने ते तिच्यासमोर, न्हाव्यादेखत सांगून टाकले. म्हणून मी पुन्हा जळलो. आणि मग मीही सांगितले. काय सांगितले ते इथे लिहीत नाही, ते तिला माहीत आहे.

सबब कलम ५ मधली शेवटची दोन्ही वाक्ये रद्द समजावीत. सदर खुर्ची माझ्या पश्चात व्याह्यांना मिळावी. ते साक्षीदार राहिलेले नाहीत, त्यामुळे कायद्याची अडचण येऊ नये. समोरून घड्याळजींना बोलावून घेतले आहे. कलम ३ मधले ब्रश त्यांना आजच हातात दिले, म्हणजे त्यांनाही मृत्युपत्रातून काही मिळणे उरले नाही.

अटी दोनच. पहिली, मी हयात असेतो खुर्ची माझी. येत्या सामन्याला मी जाणार आहे. पायऱ्यांवर व्याही मला हात देतील आणि पुढे वरच्या रांगेत जागा मिळेल तिथे बसतील. थर्मास मात्र माझ्याकडे राहील.

दुसरी, मी गेल्यावर मुलीने स्टँडमध्येही त्यांना बाबा म्हणायला माझी हरकत नाही. त्याआधी आहे.

सही: पेंटर

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल

दिनांक: खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपते त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. डावीकडचा विंगर अजून घेतलेला नाही.

आम्ही खालील साक्षीदार एकमेकांसमोर सांगतो की पेंटर यांनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत केली. मध्ये एकदा ते रडले, पण त्याचा शुद्धीशी संबंध नाही.

साक्षीदार १: घड्याळजी, समोरचे दुकान

साक्षीदार २: न्हावी, मागची रांग

साक्षीदार म्हणून आधी लिहिलेले 'व्याही, निवृत्त टायपिस्ट' हे नाव खोडले आहे. खोडले ते मी, माझ्या हाताने, राजीखुशीने. खोडल्याबद्दल सही: पेंटर