साखरपुड्यापर्यंतचं पित्त

३ फेब्रुवारी, सोमवार
श्वेतानं ऑफिसात मिळालेली डायरी दिली. म्हणाली, आजी, दिवसभरात तोंडात काय काय जातं ते लिही, पित्त कशानं उठतं ते कळेल. त्यात कळायचं काय? सूनबाई नवीन पावडरीत कपडे धुते. पोटावर, मांड्यांवर या एवढाल्या गांधी. आमसूल भिजवून पाणी चोळलं. उद्या साफ.
नातीचा साखरपुडा सोळाला, पार्ल्याच्या हॉलात. सौरभच्या माणसांसमोर काठी न घेता चालत जाणार. ठरलं.
खाल्लं: भात, वाल, सोलकढी. गुडघ्यासाठी धोंडिराम वैद्याची पुडी.

४ फेब्रुवारी
सकाळी साफ, दुपारी परत. माझे कपडे साध्या साबणानं मीच धुतले. दर्शनाला सांगितलं, तुझी पावडर तुला लखलाभ. म्हणते, आई, दोन वर्षं तीच आहे. सुनेला उत्तर तयारच.
पुडी. काठीशिवाय दोन मजले उतरून चढले.

६ फेब्रुवारी
वांगं बंद. कोलंबी बंद. पित्त पाठीवर. घोंगडी घासली, वर गेरू फासला. श्वेता म्हणाली, गेरू लावलेली कुंडी दिसतेस. दर्शना म्हणाली, डॉक्टर. मी म्हटलं, आयुष्यात औषधाला शिवले नाही, आता शिवणार नाही.
पुडी.

८ फेब्रुवारी
डावीकडे ओठ सुजला. नजर. खालच्या मजल्यावरची वनमाला परवा म्हणालीच होती, तू काय तुरुतुरु चालतेस. मीठ-मोहरी उतरवून टाकली. तरी मनात काही ठेवलं नाही, तिच्या गुडघ्यांसाठी चार पुड्या दिल्या.
मी पण घेतली.

९ फेब्रुवारी, दुपार
गिळताना घशात बोर अडकल्यासारखं. ओवा-गूळ चघळला. घरात सांगितलं नाही. सांगितलं की लगेच रिक्षा बोलावतील.
पुडी.

११ फेब्रुवारी
पुड्या संपल्या, आणि मरोळ नाक्यावरचा धोंडिराम वैद्य गावाला गेलाय. गुडघा नुसता ठणकतोय, कालपासून काठी. पित्त मात्र एक टिपका नाही. शेवटी घोंगडीच कामाला आली. दर्शनाला ऐकवलं.

१३ फेब्रुवारी, दुपारी ३
धोंडिराम आला. साखरपुड्याला तीन दिवस राहिले. गेलेले दिवस भरून काढायला दोन पुड्या एकदम घेतल्या. झाडपाला तर आहे.

३.४०
तळहात खाजतायत. कान गरम.

३.५०
ओठ मोठे. डोळा मिटतोय. आमसुलाची बरणी वर ठेवलीय, हात पोचत नाही. दर्शनाला हाक मारली. घशातून शिट्टी आली

१५ फेब्रुवारी
काल संध्याकाळी हॉस्पिटलातून घरी सोडलं. डॉक्टरीण श्वेताएवढी. विचारत होती, कुठलं औषध चालू आहे? मी मानेनं नाही म्हटलं. खोटं थोडंच होतं. तर श्वेतानं पिशवीतून ही डायरी काढून तिच्या हातात ठेवली. बया लाल पेन घेऊन बसली. जिथे पुडी तिथे गोल. मग ११ तारखेवर बोट ठेवून म्हणाली, आजी, या दिवशी पित्त नाही, तर दुसरं काय नव्हतं? मी म्हटलं, धोंडिराम नव्हता.
डॉक्टरीण म्हणाली, झाडपाल्यात दुखण्याच्या गोळ्या कुटून घालतात काही जण, तुम्हाला त्या चालत नाहीत. परत घेतली तर इथवर पोचाल असं नाही.
उरलेल्या पुड्या दर्शनानं फेकल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
हॉलात गेले. व्हीलचेअरवर. ढकलायला खुद्द नवरा मुलगा. सौरभ म्हणतो, आजी, पदर चाकात जाईल, सांभाळा. त्याच्या आत्या बघत होत्या.
वनमाला आली, काठी नाही, टाचा वाजवत. म्हणाली, बाई, तुझ्या पुडीनं पाय दिले मला. आज शेवटची उरलीय, जेवल्यावर घेते. बोलताना मनगट खाजवत होती. मग हळूच म्हणाली, आमसुलाचं पाणी किती वेळ ठेवायचं गं अंगावर? आणि गेली जेवायच्या पंगतीकडे.
बिल्डिंगभर आमसुलाचा डंका मीच पिटलेला. आता सगळ्या आत्यांसमोर पुडीचं खरं बोलावं लागणार.
भटजी सौरभला हाका मारत होते. मी म्हटलं, अंगठीचं नंतर बघ. आधी मला तिच्यामागे ने. पळव.