पालथा माठ

सिरसाळा, शनिवार, दिवेलागण

चिडचिड अजून गेली नाही. चिडचिडच म्हणू, की दुसरं काही?

उद्यापासून सोसायटीच्या रिकाम्या गोदामात माझं प्रदर्शन. आमच्याकडे माणसं ऊसतोडीला निघाली की दारातला माठ पालथा घालून जातात. तसेच माठ मी मांडलेत, प्रत्येकाच्या बुडावर त्या-त्या घराच्या कुलूपबंद दाराचा फोटो. लहानपणी आई-दादा कारखान्याला गेले की मी आत्याकडे राहायचे. शाळा सुटली की आधी आमच्या दारी. माठ पालथाच असायचा. उन्हाळ्यात एखाद्या दिवशी तो सरळ दिसला की समजायचं, आई आली.

आज चहाची किटली घेऊन परतले, तर मधोमध आमचा माठ सरळ! खाली माझ्या ओढणीची चुंबळ, फोटो तिच्यात दडलेला. शेजारी आई.

"हे कावून केलंस?" मी ओरडलेच.

"आमी आलाव की आता. मानसं घरी असल्यावर माठ पालथा ठिवत्यात व्हय?"

गावात टँकर आला नव्हता, तरी तिनं आपल्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी माठात ओतलं. "कोरडा न्हाई ठिवायचा."

उद्या सकाळी तो पुन्हा पालथा घालायला हवा, नाहीतर मांडणीला अर्थ नाही. कळतं मला. पण ओरडले ते नंतर. आधी, दारातूनच तो सरळ माठ दिसला तेव्हा, किटली तिथंच टाकून मी आत पळत सुटले होते.