तुमच्या नावाचं मत

अण्णा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि गेल्या आठवड्यात तुम्ही विधानसभेला मतदान केलंत. तुमच्याच शाळेत, चौथीच्या वर्गात. मी तिथे हजर होतो, म्हणून सांगतोय.

निवडणुकीला उभा होता तुमचाच विद्यार्थी, खाडीकाठचा. त्याला तुम्ही घरी बसवून गणित शिकवायचात. माणूस अजून साधा आहे. भराव टाकून खाडी बुजवतात, त्याविरुद्ध बोलणारा तो एकटाच, म्हणून निवृत्तीनंतर मी त्याच्या प्रचारात पडलो. रोडपालीच्या सोसायट्यांचे जिने चढलो. लोक दाराची साखळी न काढता पत्रक घ्यायचे आणि मी खाली उतरायच्या आत ते जिन्यात पडलेलं असायचं. प्रचार कार्यालयात त्याचा मेहुणा मतदार यादी घेऊन बसायचा, गेलेल्या माणसांच्या नावांवर लाल पेनानं खुणा करत. एका दुपारी तो तुमच्या नावाशी थांबला.

"गुरुजींचा नाव अजून हाय? बरा झाला."

मी म्हटलं, ते नको. तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, "गुरुजी असते तं मत कोनाला देते? आमालाच ना? मंग त्यांचा मत त्यांच्या नावानं टाकतो. यात चुकला काय?" उत्तर मला येत होतं. मी दिलं नाही. मतदान केंद्रात आमचा एजंट म्हणून मीच बसणार होतो. तिथे अडवू, अशी मनाची समजूत घातली.

नाव यादीत राहिलं हाही दोष माझाच. नाव कमी करायचा अर्ज मी दर निवडणुकीआधी आणायचो आणि कोरा ठेवायचो. तुमचं पेन्शन बंद केलं, रेशनकार्डावरून तुम्हाला काढलं. पण या एका यादीत तुम्ही फोटोसकट माझ्या वर होतात. तिथून तुम्हाला खोडायला हात धजेना.

तुम्ही आपटा गावी मतदान केंद्राध्यक्ष होतात, ती निवडणूक आठवते? आत्या तिथलीच सून. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिची चिठ्ठी घेऊन आत्याच मत द्यायला आली, आणि तुम्ही तिला सगळ्यांदेखत परत पाठवलंत. दुसऱ्या दिवशीचं आपलं स्वयंपाकघर मला आत्ताही दिसतं. आई भाकऱ्या थापतेय, तुमच्याकडे बघत नाहीये. "सख्ख्या बहिणीला असं कोण घालवतं?" तुम्ही ताटावरून मान न उचलता म्हणता, "मतदार सासू आहे. सासू आली नव्हती." आत्यानं पुढच्या दोन भाऊबीजा तुम्हाला ओवाळलं नाही. तुम्हाला ते किती लागलं होतं, हे मी पाहिलंय.

गेल्या आठवड्यात, मतदानाच्या दिवशी दुपारी, रांग विरळ झाली होती. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा आत आला. त्याला मी कधीच पाहिलेलं नव्हतं. अधिकाऱ्यानं त्याचं कार्ड वरवर बघितलं आणि रिवाजाप्रमाणे आम्हा एजंटांना ऐकू जाईल असं अनुक्रमांक आणि तुमचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. म्हातारा म्हणाला, "हाय." मग अधिकारी आमच्याकडे बघत थांबला. कुणाची हरकत असेल तर ती घ्यायची वेळ हीच. दुसऱ्या उमेदवाराची एजंट नव्या सेक्टरातली तरुण मुलगी होती, तिला काय कळणार? मी मान खाली घातली आणि यादीत तुमच्या नावावर रेघ ओढली. त्याच्या बोटाला शाई लागली.

आम्ही पडलो, आणि तेही सपाटून. तुमच्या मतानं काहीच फरक पडला नाही. उमेदवाराला यातलं काही माहीत नाही. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी असते तं बरा झाला असता." मी हो म्हटलं.

उमेदवाराच्या मेहुण्याला घाबरून मी गप्प बसलो, असं बायकोला सांगितलंय. हा कागदही तिला दाखवणार नाही. कारण मी घाबरलो नव्हतो, अण्णा. बारा वर्षांनी कुणीतरी तुमचं नाव मोठ्यानं घेतलं आणि समोरून उत्तर आलं. ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं.