लेव्हलमधला बुडबुडा

प्रिय प्रेरणा,

हे फोनवर सांगणार होतो, पण तुझा फोन हल्ली आई उचलतात आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देतात. म्हणून पाकीट चिकटवून दवाखान्याच्या आशाताईंच्या हाती कान्ह्याला, तुझ्या माहेरी पाठवतोय. आत काय आहे, ते त्यांना ठाऊक नाही.

लोणावळ्याच्या बंगल्यावरचं काम सुटलं. न्हाणीघरात फरशी बसवत होतो. लेव्हलची पट्टी ठेवली, बुडबुडा मध्यावर होता, तरी मला तो सरकताना दिसत होता. मी एकेक फरशी दाबत गेलो. मिस्त्री म्हणाले, "आदिनाथ, पाणी दाराकडं काढलंस की रं!" सहा वर्षांत माझी एकही फरशी उखडावी लागली नव्हती. त्या दिवशी चौदा उखडल्या.

तुझ्या डोहाळजेवणाला तेच झालं. डाव्या कानात सकाळपासून शिट्टी वाजत होती. तू फुलांनी सजून पाटावर बसली होतीस. फोटोसाठी तुझ्याशेजारी यायला उठलो आणि मांडव गरगरला. थेट पंगतीत पडलो. लग्नात तुझ्या आबांनीच माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. "माळ घालून पितोस व्हय रं?" म्हणत त्यांनी ती सगळ्यांसमोर काढून घेतली. तू तोंड फिरवलंस.

प्रेरणा, मी थेंबही घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, कानात खोलवर पाणी असतं, ते तोल सांभाळतं, तुमच्या लेव्हलसारखंच. तिथली नस दुबळी झालीय. या वयात असं का, म्हणून त्यांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आल्यावर सोमाटण्याला तुझा भाऊ संदेश भेटला. "अजून पिताय का, दाजी?" असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. दारुडा म्हणवून घेणं सोपं वाटलं.

रक्तात एचआयव्ही निघाला. कान त्यानंच गेला असावा, असं डॉक्टर म्हणतात. लग्नाआधी परगावच्या कामावर माझ्याकडून जे घडलं, ते तुला कधी सांगितलं नाही. तुझा तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट चांगला होता, म्हणून बारा दिवस स्वतःची समजूत घालत बसलो. पण लागण त्यानंतरही होऊ शकते. आता सातवा सरत आलाय. वेळेत कळलं आणि गोळ्या सुरू झाल्या, तर बाळाला बहुतेक वाचवता येतं. आबांना माळ परत मागणार नाही, काय सांगायचं ते तू ठरव. मंगळवारी दहा वाजता सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी भिंत धरून उभा असेन. माझ्याकडे बघू नकोस हवं तर. लोक म्हणतील, दारुडा पुन्हा आला. म्हणू देत. तू फक्त आत जा आणि रक्त दे.

तुझाच,
आदिनाथ