खात्री किती, तेही कळव

मुंबई, २२ फेब्रुवारी १९७६

ती. मथुराअक्कास,
कुंडलिकचा सा. नमस्कार वि. वि.

दाजी माळशिरसला कारखान्यावर आणि यंदाचं खळं पहिल्यांदाच तुझ्या एकटीच्या हाती, म्हणून जिवाला घोर लागलाय. अर्थात तू आम्हा भावंडांवर हुकूम गाजवलास, तिथं शाळूच्या कणसांची काय कथा!

टेलिव्हिजनवरचं हवामान मी लिहितो, त्यावरून ऑफिसात रोज खडाजंगी. वेधशाळेच्या कागदात वारा, हवेचा दाब, पावसाचा संभव, सगळं असतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचे मल्लप्पा म्हणतात, ते सगळं लोकांना सांगा. मी म्हणतो, लोक जांभया देतील. पाऊस येणार की नाही एवढंच सांगा. सध्या माझंच चालतं. तुमच्याकडे टेलिव्हिजन नाही, तेव्हा कागदात पावसाचं चिन्ह दिसलं की तार करीन.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझा कुंडलिक

बार्शी तालुका, ५ मार्च

चि. कुंडलिकास,
मथुराचे आशीर्वाद.

उद्या पाऊस, खळं झाका, अशी तुझी तार आली. सासूबाई सांगत होत्या की कणसं अजून वली हायती, ढीग घालू नगंस, उबतील. मी म्हटलं, माझा भाऊ टेलिव्हिजनात आहे. सगळी कणसं ताडपत्रीखाली दडपली. पावसाचा थेंब नाही. ढीग आतून तापला, दाणा काळा पडला. आता घरात माझ्या शब्दाला कुत्रं विचारत नाही. तुझ्या दाजींना काय तोंड दाखवू?

खरं सांग, पाऊस नक्की येणार असं कागदात होतं का? ओढ्याकडच्या रानातली कणसं अजून खळ्यावर यायची आहेत. मला झोप नाही.

राग आला तरी पत्र टाक.
मथुरा

मुंबई, ९ मार्च

ती. अक्कास, सा. न.

कागदात नुसता संभव होता, तोही काही ठिकाणीच. संभव लिहिला तर तू घोळत बसशील, असं मला वाटलं. फार चुकलं माझं.

काल साहेबांना म्हटलं, खात्री किती तेही बातमीत सांगू या. साहेब हसले, म्हणाले की परवापर्यंत तुम्हीच नको म्हणत होता. मल्लप्पा तेवढे हसले नाहीत. मन थाऱ्यावर नाही. सारखा खिडकीशी जातो, पण इथलं आभाळ तुझ्या काय कामाचं? पुढची तार लांबलचक करीन.

मला परकं करू नकोस.
कुंडलिक

२० मार्च

चि. कुंडलिकास आशीर्वाद.

एवढी लांब तार पोस्टमननेच मोठ्यानं वाचून दाखवली. पाऊस येईल किंवा हुकेल, खात्री निम्मीच, वारा दक्षिणेचा. सासूबाई म्हणाल्या, ह्यो काय निरोप झाला व्हय? मग स्वतःच वाऱ्याला तोंड करून उभ्या राहिल्या. आम्ही दोघींनी बसून ठरवलं. ओढ्याकडच्या रानातली वाळलेली निम्मी कणसं घरात घेतली, ओली निम्मी उन्हातच ठेवली.

संध्याकाळी पाऊस कोसळला. बाहेरची निम्मी गेली. मी रडले, लपवत नाही. पण या खेपेला सासूबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत, मी तुझ्यावर चिडले नाही. जे गेलं ते आम्ही ठरवून घालवलं.

तुझ्या साहेबांना एवढं सांग.
तुझी अक्का