आधी तुझं पाऊल

१४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. वहिनीचा खोकला थांबला का? इथे सगळे ठीक. मुलीला चष्मा लागला. ती खूश आहे, मी नाही.

कामाचं सांगते. यंत्राचे पाय तयार झाले. कमरेला आणि मांड्यांना पट्टे, गुडघ्याशी मोटर, बुटात दाब मोजणारा तळवा. उत्तम चालतात.

वर्षभर चालत नव्हते, हे कुणाला कळवलं नव्हतं. चूक माझी. ऑफिसातल्या बारा धडधाकट माणसांची चाल मोजून तिची सरासरी मी यंत्रात भरली होती. चाचणीला शिवणकाम करणाऱ्या एक बाई येतात. त्यांचा उजवा पाय लहानपणापासून अधू. तुझा डावा, एवढाच फरक. दहा पावलांत त्या थांबल्या.

"अहो, मी उचलायच्या आत हे यंत्रच पाय उचलतंय. सासू परवडली!"

"सवय होईल," मी म्हणाले.

"तुम्ही कापड अंगावर बेतता, की अंग कापडावर?"

दुसऱ्या दिवशी मी सरासरी पुसली. आता यंत्र थांबतं. पाऊल बाईंनी सुरू केलं की मगच जोर लावतं.

चालताना बाई पूर्वीसारख्याच झुकतात. साहेब म्हणाले, "लंगडणं तर तसंच आहे. लोकांना दाखवायचं काय?"

"जिना," मी म्हणाले.

बाई तीन मजले न थांबता चढल्या. वर पोचून, बरोबर चढलेल्या साहेबांनाच विचारलं, "दमलात का?"

हे मी तुझ्यासाठी करायला घेतलं, ते तू ओळखलं असशील. तुझा पाय दुखतो म्हणून नाही, दादा. तुझं चालणं लोकांना दिसू नये म्हणून. माझ्या पदवीदानाला मी तुला तासभर आधी बोलावून खुर्चीत बसवलं. मी म्हणाले, गर्दी होते. गर्दी नव्हती. तुला तेव्हाच कळलं होतं. नंतर तू माझ्याकडे आला नाहीस, आणि तुला सवड नसते असं मी सगळ्यांना सांगत राहिले.

अठ्ठावीस तारखेला अकरा वाजता प्रात्यक्षिक आहे. दोनशे माणसं असतील. बाई चालतील. दुसरा जोड तुझ्या मापाचा आहे. माप वहिनीने दिलं, तिच्यावर रागावू नकोस. सरावाला दोन दिवस आधी ये, घरीच उतर. सगळे बसले की आपण मधल्या वाटेने आत जाऊ. तू पुढे.

आला नाहीस तरी जोड तुझाच. तुमच्या चार मजल्यांना लागेल.

पत्राचं उत्तर द्यायलाच हवं असं नाही. सव्वीसला सकाळी मी स्टेशनवर उभी आहे.

तुझी बहीण